मालकाची सही

पीटर्सबर्ग, व्हर्जिनिया
९ मार्च १८४५

दादा,

बाबा गेले. मागच्या रविवारी दुपारी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पत्र वाचताना म्हातारा काय म्हणतोय याची तू शेवटपर्यंत वाट बघशील.

फार आजारी नव्हते. छातीत कफ साठला होता आणि तशातच हातातलं पिंप पुरं करायचं म्हणून ओल्या शेडमध्ये जाऊन बसले. मी ओरडले तर म्हणाले, "फीबे, मालक तू का मी?" आपल्या घरातली तीच जुनी थट्टा. तुला ती कधीच आवडली नाही. आई हाक मारायची, "मालक, भाकरी निवतेय!" आणि तू ताटावरून उठून जायचास. बाबांनी स्वतः मोकळं झाल्यावर, पिंपं करून जमवलेल्या पैशांनी आईला विकत घेतलं ही गोष्ट ती शेजारणींना हसत हसत सांगायची, कारण त्यांनी घेतलं नसतं तर तिला दूर दक्षिणेला, जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावर नेणार होते. यात हसण्यासारखं काय आहे, असं तू विचारायचास. काहीच नव्हतं. पण रडून तरी काय झालं असतं?

बोस्टनला गुलामगिरीविरुद्धच्या सभेत तू म्हणालास की माणसं बाळगणारा माझा बाप असला तरी मी त्याचा मुलगा नाही. ते इथे पोचलं. असलं काही वाचून दाखवायला लोकांना कधी कंटाळा येत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगं बोलतं छान." मग शेडमध्ये गेले. त्या संध्याकाळी आतून हातोडीचा आवाज आला नाही.

त्यांनी मला मोकळं का केलं नाही हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण इतकी वर्षं तिकडे राहून तू ते विसरल्यासारखा वागतोस. इथे गुलामगिरीतून कुणी मोकळं झालं की त्याला वर्षाच्या आत राज्य सोडावं लागतं. नाही सोडलं तर पुन्हा धरून विकतात. तुला जायचंच होतं, म्हणून तुझा कागद करून दिला. मला रूबेन आहे. रूबेन तंबाखूच्या कारखानदाराचा गुलाम, तो कुठून येणार माझ्याबरोबर? म्हणून मी कागदावर बाबांची राहिले आणि टेंपी झाली तेव्हा तीही त्यांचीच झाली. नातीचं नाव मालमत्तेत लिहून आले त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

आता मुद्द्याचं. मृत्युपत्रात लिहिलंय, "माझी फीबी आणि तिची मुलगी माझ्या एनॉकला." वकीलसाहेबांनी मला समजावून सांगितलं, "तुझ्या भावाने 'या दोघी माझ्या आहेत, मी ताबा घेतला' असं लिहून सही केली की संपलं. तू आहेस तशी आहेस त्या घरात राहशील. सही आली नाही तर वारसाने हक्क सोडला असं धरून कोर्ट लिलाव करेल."

दादा, सही कर. तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही. तू तिकडे, आम्ही इकडे, आणि तो कागद पेटीत. बाबांच्या वेळी होतं तसंच चालेल.

रूबेन शेजारी बसलाय. म्हणतो, लिही, "मेहुणे, माझी बायको तुमच्या नावावर ठेवतोय, नीट सांभाळा, फार भांडखोर आहे." त्याला मी एक चापट दिली.

पत्र टपालाने पाठवत नाही. तुझं नाव दिसलं की इथे पाकीट फोडतात. जहाजावरचा आचारी हातोहात देईल. उत्तरही त्याच्याकडेच दे.

तुझी,
फीबी


पीटर्सबर्ग
१८ मे १८४५

दादा,

उत्तर मिळालं. अक्षर बाबांसारखं झालंय तुझं, "र" तसाच पाय ओढत चालतो. पाकीट हातात घेतल्यावर क्षणभर वाटलं त्यांनीच लिहिलंय.

तू लिहितोस, "ज्या हाताने मी गुलामगिरीविरुद्ध लिहितो त्या हाताने 'माझी गुलाम' हे शब्द लिहिणार नाही, बहिणीसाठी तर नाहीच नाही." मी ते रूबेनला वाचून दाखवलं. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "माणूस खरा आहे गं." मला त्याचाच राग आला.

बाबांना काय वाटायचं असं तुला वाटतं? दर वर्षी कर भरायच्या दिवशी ते कचेरीत जाऊन गाय, गाडी, बायको, मुलं असं सगळं एका ओळीत सांगून यायचे. घरी आले की आईशी भांडण काढायचे, भाकरी कच्ची आहे म्हणून. भाकरी कधीच कच्ची नसायची. आई ती पुन्हा तव्यावर टाकायची. तू तेव्हा लहान नव्हतास, पण तुझं लक्ष पुस्तकात असायचं.

तुझी दुसरी गोष्ट मात्र मला खोडता येत नाही. "उद्या मी मेलो तर तू कुणाची?" ही ओळ मी रूबेनला वाचून दाखवली नाही. तू तिकडे सभांमधून दगड खातोस हे आम्हालाही कळतं. पण दादा, माझं सगळं आयुष्य अशा कुठल्या ना कुठल्या "उद्या"च्या भीतीतच गेलंय. त्यातूनही रोज संध्याकाळी रूबेन पूल ओलांडून घरी येतो, टेंपी त्याच्या खिशात हात घालून तंबाखूचा वास घेते, आम्ही रताळी भाजून खातो. माझ्याकडे असलेलं एवढंच आहे आणि ते तुझ्या एका सहीवर आहे.

पळून या, म्हणतोस. रूबेनचा पाय कारखान्याच्या दाबयंत्रात सापडला होता हे तुला कुणी सांगितलं नसेल. तो पुलावरून घरी येतो तेच हळूहळू. टेंपीला पाठुंगळीला घेऊन, हा असा लंगडत, रानातून आम्ही किती लांब जाणार?

तू म्हणतोस तुझं मन तयार होत नाही. मन तयार नसू दे. हाताने कर. बाबांचंही मन कधी तयार झालं नव्हतं.

फीबी


पीटर्सबर्ग
२ ऑगस्ट १८४५

दादा,

तुझा कागद पोचला. माझ्याकडे नाही, थेट कोर्टात.

मंगळवारी वकीलसाहेबांनी बोलावणं पाठवलं. मला वाटलं सही आली. चांगला झगा घालून, टेंपीला वेणी घालून गेले. साहेब हसत होते. म्हणाले, "फीबी, अभिनंदन! तुझ्या भावाने तुला आणि मुलीला मुक्त केलं. त्याच्या तिकडच्या वकिलाने नोंदही करून घेतली. आता तू कुणाचीच नाहीस."

मी विचारलं, "साहेब, नोंद मागे घेता येते का?"

त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्याने.

मग त्यांनी तुमचं वर्तमानपत्र दाखवलं. सभेत तू तो कागद वाचून दाखवलास, लोक उभे राहिले, बायका रडल्या, "पीटर्सबर्गची फीबी आणि तिचं लेकरू या क्षणापासून स्वतंत्र!" असं तू म्हणालास. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? कोर्टाच्या पायऱ्या उतरताना आईची आठवण झाली, आणि अर्ध्या पायऱ्यांवर लक्षात आलं की आता वर्ष सुरू झालं.

त्याआधी कारकुनाने मोकळ्या काळ्या माणसांच्या नोंदवहीसाठी माझी उंची मोजली. रंग गडद तपकिरी, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, पुढचा एक दात किंचित पुढे, असं बोलत बोलत लिहिलं. इतकी वर्षं गुलाम होते तेव्हा माझा दात कुणी बघितला नव्हता.

रूबेन घरी आला. मी सांगितलं. त्याने टोपी काढून मला वाकून नमस्कार केला, "बाईसाहेब, आता आमच्यासारख्यांच्या हातची भाकरी चालेल ना?" टेंपी खदखदून हसली. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला, आणि जेवायला मी हाक मारेपर्यंत आत आला नाही.

तुझं मन मला कळतं, दादा. तुला वाटलं तू मला जगातली सगळ्यात मोठी भेट देतोयस. ती मोठी आहेच. पण मी तुला दोनदा लिहिलं, मला काय हवंय ते लिहिलं, का हवंय तेही लिहिलं. तू वाचलंस आणि माझं काय करायचं ते माझ्याशिवाय ठरवलंस. मालक असंच करतात रे. बाबांनी कधी केलं नाही. दर नाताळाला ते मला विचारायचे, "फीबे, यंदा जायचंय का? सांग, कागद करतो." मी नाही म्हणायचे. मग ते पुढच्या नाताळापर्यंत तो विषय काढायचे नाहीत.

आता उत्तराची घाई करू नकोस. मलाही थोडं गप्प राहू दे.

फीबी


पीटर्सबर्ग
२० जानेवारी १८४६

दादा,

तुझी पत्रं मिळाली. माफी मागू नकोस, पुढे काय ते बघू, असं ठरवून लिहायला बसलेय.

इथेच राहू द्या, असा अर्ज कोर्टात करता येतो. कधीकधी मिळते परवानगी. चांगल्या चालीची माणसं लागतात सही द्यायला. ज्यांचे कपडे मी धुते त्या गोऱ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडून सह्या मिळवून दिल्या. एका बाईने तर नवऱ्याला जेवण वाढायच्या आधी सही घेतली. आपल्या ज्यूडी मावशीने त्या गोळा करत गावभर पायपीट केली. "अगं, तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी होते, तुझ्या बाळंतपणाला मी होते, आता या अर्जाचंही मीच करायचं का?" असं बडबडत.

काल सुनावणी झाली. न्यायाधीशांनी सह्या बघितल्या, मान डोलावली. मला वाटलं झालं. मग चष्मा काढून म्हणाले, "मॅकलिन. मुक्तीच्या कागदावर एनॉक मॅकलिनची सही आहे, आणि बोस्टनमध्ये सभा गाजवणाराही एक एनॉक मॅकलिन आहे. तो तुझा कुणी लागतो का? हे नाव इकडे बऱ्याच जणांचं असतं म्हणा."

दादा, त्यांनी मला वाट करून दिली होती. आमच्या वकीलसाहेबांनी तर डोळ्यांनी खूण केली. मागून मावशी खोकली. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "सख्खा भाऊ आहे, साहेब."

अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर मावशी माझ्यावर कडाडली. "एक शब्द! एवढा एक शब्द गिळता आला नाही तुला?" मी म्हणाले, आमच्या घरातल्या एकाने एकदा नातं नाकारलंय, पुरे झालं. हे तुला टोचायला लिहीत नाही. खरंच तेवढंच सुचलं होतं त्या वेळी. रूबेन काय म्हणेल याची भीती होती. तो म्हणाला, "बरं केलंस. खोटं बोलून तू घरी राहिली असतीस तर रोज माझ्यावरच चिडचिड केली असतीस." आणि मग, "पण थोडं तरी अडखळायचंस गं."

रूबेनला सोडवायला तुम्ही तिकडे वर्गणी जमवताय असं लिहिलंस. त्याच्या मालकाकडे बोलणं काढलं होतं वकीलसाहेबांनी. तो म्हणाला, दुसऱ्या कुणी मागितला असता तर विचार केला असता, पण एनॉक मॅकलिनच्या सभेत फिरलेल्या टोपीत जमलेले पैसे मी घेणार नाही. तेव्हा तो प्रयत्न थांबव. तू जितका जोर लावशील तितका तो हटून बसेल.

टेंपी आता अक्षरं गिरवते. पहिलं नाव तुझं लिहिलं. तिला मामा म्हणजे कुठला तरी मोठा माणूस वाटतो.

फीबी


पीटर्सबर्ग
२६ जुलै १८४६

दादा,

उद्याच्या बोटीने निघतोय. फिलाडेल्फियाला उतरेन. तिथे मावशीची मामेबहीण आहे, धुण्याचं काम मिळेल म्हणते. तू धक्क्यावर येऊ नकोस. तुझा राग म्हणून नाही. उतरल्या उतरल्या कुणाला सामोरं जायची ताकद मला नसेल.

घर आवरलं. बाबांची हत्यारं शेजारच्या पिंपं करणाऱ्याला दिली. आईचा तवा मावशीने ठेवून घेतला.

रूबेनला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. टेंपीला खांद्यावर घेऊन गावभर हिंडवून आणलं. त्या पायाने. मी म्हटलं, "अरे, खाली उतरव तिला, पाय सुजेल." तो म्हणाला, "सुजू दे. उद्यापासून आरामच आहे त्याला." टेंपीला सांगत होता, "आईला त्रास द्यायचा नाही हं. थोडासाच द्यायचा, नाहीतर तिला करमणार नाही." तिला वाटतंय तो पुढच्या बोटीने येणार. तसं सांगायचं आम्ही ठरवलं नव्हतं. त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग कुणी मागे घेतलं नाही.

मला तो एवढंच म्हणाला, "पत्र लिही. मावशी वाचून दाखवेल. मात्र नवराबायकोचं काही लिहू नकोस, ती मुद्दाम दोनदा वाचेल." मी हसले. तोही हसला. मग आम्ही दोघांनीही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं नाही.

फीबी


बोस्टन
१५ नोव्हेंबर १८४६

दादा,

वरचं गाव वाचून दचकशील. मी इथे आहे. बंदराजवळ एका बाईने खोली दिलीय, टेंपी शेजारी झोपलीय. हे पत्र पोचेल तेव्हा आम्ही फिलाडेल्फियाच्या वाटेवर असू, म्हणून शोधायला धावू नकोस.

मी तुला भेटायलाच आले होते. जे सांगायचं होतं ते कागदावर लिहावंसं वाटेना. तुझ्यासमोर बसून सांगावं, मग तू काय करशील ते करावंस. तुझ्या घरी गेले तर सभेला गेलास म्हणाले. मग सभेला आले. सगळ्यात मागे, खांबाआड, टेंपीला मांडीवर घेऊन बसले.

किती बारीक झालायस रे. केस पांढरे झालेत कानांवर. तू बोलायला उभा राहिलास आणि सभागृह चिडीचूप झालं. मी तुला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं. बाबा म्हणाले होते ते खरं आहे. तू बाबांचं सांगितलंस, या वेळी नाव घेऊन सांगितलंस. "माझा बाप कागदावर मालक होता आणि त्या कागदाने त्याला आतून खाल्लं, आणि मी त्याला माझा म्हणायला उशीर केला." हे म्हणताना तुझा आवाज फाटला. माझ्या शेजारची गोरी म्हातारी हुंदके देत होती. मीही रडले. हे बाबांनी ऐकायला हवं होतं, दादा. त्यांना एवढंच पुरलं असतं.

टेंपी म्हणाली, "आई, तो मामा आहे ना? मी जाऊ?" मी तिला घट्ट धरून ठेवलं.

मग तू माझं सांगितलंस. बहीण मुक्त झाली, फिलाडेल्फियात स्वतःच्या कष्टाचं खाते, तिची मुलगी वाचायला शिकतेय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू म्हणालास, "तिचा नवरा अजून तिकडे अडकलाय, पण तोही लवकरच तिला येऊन मिळेल, आपण त्याला आणू!" तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. टेंपी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तूपण वाजव ना." मी वाजवल्या.

रूबेनला सप्टेंबरात विकलं. ज्यूडी मावशीचं पत्र आलं. मालक म्हणाला, ज्याची बायको उत्तरेला मोकळी फिरतेय तो माणूस आज ना उद्या पळणार, लंगडा असला तरी. दूर दक्षिणेला, अलाबामाकडे नेलं. कुणाला विकलं ते मावशीला कळलं नाही. जाताना त्याने पुलाजवळ तिला हाक मारली आणि म्हणाला, फीबीला लगेच कळवू नका, तिला तिकडे आधी नीट रुळू द्या. मावशीने आठवडाभर दम धरला. मग लिहिलं.

हेच तुला सांगायला आले होते. सभा सुटल्यावर तू खाली उतरलास, माणसं भोवती जमली, तू हसत एकेकाचा हात हातात घेत होतास. मी दाराशी उभी होते. तुझी नजर एकदा आमच्यावरून गेली, तुला ओळख पटली नाही. मी पुढे आले असते तर तू मला मिठी मारली असतीस आणि मी तुला माफ करून टाकलं असतं, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. ते मला इतक्यात करायचं नाही. कधीतरी करेन. माझ्याने तुझ्यावर फार काळ रागावून राहवत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

टेंपीला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तो अजून पुढच्या बोटीने येणार आहे.

तुझ्या पुढच्या सभा कुठे कुठे आहेत ते भिंतीवरच्या कागदावर वाचलं. तिथे ते वाक्य म्हणू नकोस, रूबेन मला येऊन मिळेल हे. तेवढं एक गाळ. बाकीचं खुशाल सांग, बाकीचं सगळं खरं आहे.

तुझी बहीण,
फीबी